वजन आणि चव

फ्रान्स आणि हॉलंड हे युरोपातले दोन देश. हॉलंडच्या लोकांना डच म्हणतात. दुपारी डच माणूस पाव आणि चीज खाऊन लगेच कामाला लागतो. फ्रेंच माणूस निवांत जेवायला बसतो.

मालाकडे बघण्याची त्यांची नजरही वेगळी. माल कुठल्या गावचा, हे फ्रेंच माणूस आधी विचारतो. तिथे रोकफोर नावाचे गाव आहे. मेंढीच्या दुधाचे चीज तिथल्या गुहांत मुरवतात. १९२५ साली कायदा झाला. त्या गुहांत मुरलेल्या चीजलाच रोकफोर म्हणायचे, दुसऱ्याला नाही.

हॉलंड देश लहान, जमीन थोडी. म्हणून डच शेतकरी काचेच्या घरांत टोमॅटो पिकवून परदेशी विकतात. पीक भरघोस, फळ लालबुंद, भाव कमी. पण चव नव्हती. १९९० च्या सुमारास शेजारच्या जर्मनीतले लोक त्या टोमॅटोंना ‘पाण्याचे बॉम्ब’ म्हणू लागले. खप घसरला, शेतकरी अडचणीत आले. मग त्यांनी चवदार वाण लावले. घोसासकट टोमॅटो बाजारात आणले. गिऱ्हाईक पुन्हा वळले.

आपणही माल विकतो. वजन तर पाहायचेच. पण पाटी भरण्याआधी एक फळ आपण स्वतः चाखून पाहू या.