टाचेचे हाड वाढणे : एक आरोग्यपाठ

सकाळी अंथरुणावरून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत काटा रुतावा तशी कळ निघते. दहा-वीस पावले चालल्यावर ती ओसरते, आणि बराच वेळ बसून पुन्हा उठले की परत येते. ही तक्रार मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीकडे तशीच घाटकोपर-मुलुंडकडेही, वारंवार ऐकू येते. खेड्यांतून तेथे पोटासाठी गेलेले आपले कित्येक बांधव उभ्यानेच दिवस काढतात. कोणी दारावर पहारा करतो, कोणी चार घरची धुणीभांडी अनवाणी पायांनी कठीण लादीवर करते, वर्सोव्याची कोळीण बाजारात तासन्तास उभी असते. आणि परतीच्या लोकलगाडीतही बसावयास जागा मिळेलच असे नाही. पाय थकला की मजुरी बुडते. म्हणून हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

१. हाड वाढते म्हणजे काय?
टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक चिवट पट्टा गेलेला असतो. तो पायाची कमान तोलून धरतो. त्याजवर वर्षानुवर्षे ताण पडला, म्हणजे तो जेथे हाडास चिकटतो त्या जागी शरीर हळूहळू नवे हाड घालते. क्ष-किरणांच्या चित्रात ते काट्यासारखे दिसते. प्लेट्नर नावाच्या जर्मन वैद्याने १९०० साली प्रथम त्याचे वर्णन केले.

आता मुख्य मुद्दा ध्यानात धरावा. दुखते ते बहुधा ह्या काट्यामुळे नव्हे, तर त्या पट्ट्यास झालेल्या इजेमुळे. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांची अकादमी सांगते की, दर दहा माणसांत एकाच्या टाचेस असा काटा असतो. परंतु असा काटा असलेल्या वीस जणांपैकी एकासच पायाचे दुखणे असते. तेव्हा चित्रात काटा दिसला एवढ्यावरून, “आता कापावेच लागेल,” अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. साधे उपाय नेटाने केले असता शंभरांतील नव्वदांहून अधिक रोग्यांस दहा महिन्यांच्या आत आराम पडतो, असेही तीच अकादमी सांगते.

गुडघ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे कूर्चा झिजते व तिच्या कडेने हाड वाढते. म्हणजे काटा ही झिजेची खूण होय. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० व २००१ साली शस्त्रक्रिया झाल्या. त्या झिजलेले सांधे बदलण्यासाठी होत्या, नुसता काटा काढण्यासाठी नव्हत्या.

२. घरी करावयाचे उपाय
पहिला, ताण देणे. उठण्यापूर्वीच बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, बोटे हाताने आपल्याकडे ओढावी, दहा अंकांपर्यंत धरून सोडावी. असे वीस वेळा. नंतर भिंतीस हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, गुडघा ताठ व टाच जमिनीस लावून पुढे झुकावे, म्हणजे पोटरी ताणली जाते.
दुसरा, गारवा. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळावी व तळव्याखाली पंधरा-वीस मिनिटे फिरवावी.
तिसरा, पादत्राण. टाचेखाली मऊ व जाड तळ असलेली चप्पल घालावी, घरात लादीवरही. झिजलेली सपाट चप्पल टाकून द्यावी.
चौथा, विसावा. मधूनमधून बसावे; वजन अधिक असल्यास ते उतरवावे.

३. काय टाळावे?
तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच दाबणे व डाग देणे हे प्रकार आपल्याकडे रूढ आहेत. मधुमेह्याच्या पायास पुष्कळदा चटका कळत नाही. तो भाजतो, जखम चिघळते, आणि टाचेच्या दुखण्यापायी पाय गमावण्याची वेळ येते. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्यांनी जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडे बिघडतात. टाचेत स्टेरॉइडची सुई काही काळ आराम देते, परंतु ती वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचे भय असते.

४. डॉक्टरांकडे केव्हा जावे?
रात्री निजल्यावरही ठणका लागणे, ताप, सूज व लाली, पायास बधिरता, मार लागून पाऊल न टेकवणे, अथवा तरुण माणसास टाचेबरोबर सकाळी कंबरही आखडणे, ह्यांपैकी काही असल्यास विलंब करू नये. मधुमेह्याने तर आरंभीच जावे. पाठीच्या मणक्याचे हाड वाढलेल्यास लघवी-शौचाचा ताबा सुटला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. घाटकोपरचे राजावाडी व अंधेरीजवळचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये होत. तेथे हाडांचे विभाग आहेत.

सभेत विचारावयाचे प्रश्न
१. टाचेत काटा असूनही बहुतेकांस दुखत नाही, ते का?
२. मधुमेह्याने तापलेली वीट का टाळावी?
३. आपल्या वस्तीत उभ्याने काम करणारे कोण आहेत, आणि त्यांस घडीभर बसावयास जागा कोण देईल?