गोधडीची पारख

गोधडी कोणाला माहीत नाही? जुने लुगडे, धोतर, पातळ टाकून न देता आपल्या बाया त्याची गोधडी शिवतात. कोणी तिला वाकळ म्हणतात. गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी उरकली, की थंडी जोर धरते. सालेकसा, देवरीकडच्या जंगलपट्टीत पहाटे हात गारठतात. तेव्हा गोधडीची खरी किंमत कळते.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव हिंडले. लोक त्यांना 'गोधडे महाराज' म्हणत. दूर अमेरिकेत अलाबामा प्रांतात गीज बेंड नावाचे एक खेडे आहे. तिथल्या गरीब काळ्या बायांनी शेतात घातलेले जुने, विटके कपडे जोडून गोधड्या शिवल्या. २००२ साली ह्यूस्टन शहराच्या मोठ्या कलासंग्रहालयात त्या मांडल्या गेल्या. २००६ साली त्यांची चित्रे टपालाच्या तिकिटांवर आली. म्हणजे गोधडी ही कसबाची वस्तू आहे. तिची पारख करता येते.

समजा, तुमच्या गावात बचत गटाने गोधड्यांची स्पर्धा भरवली आणि तुम्हाला पंच नेमले. आधीच कुजबुज सुरू होते, "मोठ्या घरची हाय, तिलेच भेटन नंबर. मंग आपन कायले आनाव?" ही कुजबुज खरी ठरली, तर पुढच्या साली बाया येणार नाहीत. कदाचित गटही मोडेल. म्हणून निवाडा चोख हवा.

पहिली गोष्ट. गोधडीवर नाव नको, फक्त क्रमांक हवा. नावांची यादी पंचांजवळ ठेवू नये. आपल्या घरच्या बाईची गोधडी असेल, तर त्या पंचाने तिला गुण देऊ नयेत. स्पर्धा हातशिलाईची असेल, तर मशीनवर शिवलेली गोधडी घेऊ नये. दोघी जणींनी मिळून शिवली असेल, तर नावे दोघींची लिहावी.

दुसरी गोष्ट. काय पाहायचे, ते आधी ठरवावे आणि सर्वांना वाचून दाखवावे. १०० गुण असे वाटता येतील:

शिवण – ३०
आकार – २०
ऊब व मऊपणा – २०
रंगांची जुळणी – २०
काठ व कोपरे – १०

शिवण पाहताना गोधडी उलटी करा. टाके उलट्या बाजूलाही सारखे दिसले पाहिजेत. मग गोधडी चिमटीत धरून चोळा. आतले कापड सरकले, तर टाका सगळ्या थरांतून गेलेला नाही. असे कापड धुतल्यावर आत गोळा होते.

आकार पाहायला एक सुतळी घ्या. आधी समोरासमोरच्या बाजू मोजा. मग दोन्ही तिरपी अंतरे मोजा. मापे जुळली, तर गोधडी चौकोनी व नीट आहे. ती जमिनीवर पसरा. मध्ये फुगा येता कामा नये.

रंग पाहताना ओला पांढरा फडका हळूच घासा. रंग उतरला, तर गुण कमी करा. कापड जुने आहे म्हणून मात्र गुण कापू नका. जुने, धुतलेले सुती कापड अंगाला मऊ लागते. जुन्यातून नवे करणे हेच तर गोधडीचे काम!

आता एक हिशेब करू. क्रमांक ४ ची गोधडी नव्या, चकचकीत कापडाची आहे. तिला झालर आहे. क्रमांक ९ ची गोधडी जुन्या लुगड्याची आहे.

क्रमांक ४ : १५ + १२ + १२ + १८ + ८ = ६५
क्रमांक ९ : २७ + १६ + १८ + ११ + ६ = ७८

रंगात आणि काठात क्रमांक ४ पुढे आहे. पण तिचे टाके लांब आणि सैल आहेत. दोन पावसाळ्यांत ती उसवेल. नुसत्या डोळ्यांनी पाहिले असते, तर तिलाच नंबर दिला असता.

पंच तीन असावेत. प्रत्येकाने वेगळे बसून गुण लिहावेत. क्रमांक ९ ला तिघांनी ७८, ७२ आणि ८४ गुण दिले. बेरीज २३४. तिला ३ ने भागा. सरासरी ७८ आली. दोघींचे गुण सारखे आले, तर जिची शिवण सरस, तिला वरचा नंबर द्यावा.

शेवटची गोष्ट. निकालाचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. त्यावर प्रत्येक गोधडीचे सगळे गुण असावेत. जिला नंबर नाही मिळाला, तिला सांगावे, "बाई, तुझे रंग छान आहेत, टाका थोडा बारीक घाल." मग ती रुसून न बसता पुढच्या साली पुन्हा येईल. बहिणींनो, तो कागद तुम्ही स्वतः वाचा. बेरीज करून पाहा. चूक दिसली, तर तिथेच विचारा. आता तुम्हाला वाचता येते.

प्रश्न
१. गोधडीवर नाव का नसावे?
२. टाका सर्व थरांतून गेला की नाही, हे कसे ओळखाल?
३. तीन पंचांनी ६६, ७० आणि ७४ गुण दिले. सरासरी किती?
४. तुमच्या घरातील एक गोधडी घ्या. तिला गुण द्या व कारण लिहा.