आईला गटात पाठवू का?

प्रश्न : आईला (वय ७४) सौम्य स्मृतिभ्रंश आहे. डॉक्टर गटातल्या उपक्रमांना पाठवा म्हणतात. चारचौघांत आठवलं नाही तर ती ओशाळेल. त्यापेक्षा घरीच पाढे, तारखा घोटून घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घोटून घेणं आधी थांबवा. त्याची परीक्षा होते, आणि नापास झाल्याचं आईंना बरोबर कळतं. या गटांत स्मरणशक्ती तपासत नाहीत, मत विचारतात. ‘हा नट कोण?’ याऐवजी ‘या दोघांत देखणा कोण?’ मग उत्तर चुकणार कसं? या गटांच्या मूळ पद्धतीत पाच ते आठ जण, आठवड्यातून दोनदा, सुमारे पाऊण तास, अशी १४ सत्रं असतात. विषय गाणी, खाणं, बालपण, पैसे. सौम्य ते मध्यम अवस्थेत विचारशक्तीला थोडा फायदा होतो. आजार मात्र बरा होत नाही. औषधं चालूच ठेवा.

चष्मा, श्रवणयंत्र सोबत द्या. बऱ्याचदा संकोच ऐकू न आल्याचा असतो. नको म्हणाल्या तर जबरदस्ती नको. जवळपास गट नसेल तर मेथी निवडता निवडता त्यांच्या लहानपणीच्या बाजाराबद्दल विचारा. गोंधळ एकाएकी वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; जंतुसंसर्गही असू शकतो.