‘मला घरी जायचंय’

प्रश्न : सासूबाई (७४) दिवेलागणीला ‘घरी जायचंय’ म्हणत दार उघडतात. जेवल्याचंही विसरतात. शेजारी म्हणतात, वय झालं. काय करू?
– एक सून, लातूर

उत्तर : नुसत्या वयाने कुणी स्वतःचं घर विसरत नाही; हे आजाराचं लक्षण असू शकतं. आधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. बी-१२ किंवा थायरॉइडची कमतरता निघाली, तर उपचाराने फरक पडू शकतो. त्या निघाल्या, की ‘हेच घर आहे’ असा वाद नको. ‘चहा घेऊन निघू’ म्हणा, दिवे जरा लवकर लावा. किराणावाल्याला, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना आजार सांगून ठेवा; लपवण्यासारखं त्यात काय आहे? सासूबाईंच्या बटव्यात फोन नंबरची चिठ्ठी असू द्या. फार थकलात तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि ही देखभाल एकट्या सुनेनेच का करायची? दीर-नणंदांना हे उत्तर जरूर वाचायला द्या.