जंगलाची माती

शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतात. ती आपल्याला कापूस, तूर, ज्वारी देते. पण जंगलातली माती आपल्याला काय देते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गुरुजींनी आमच्या वर्गाला गावाजवळच्या सागाच्या जंगलात नेले होते. तिथे आम्ही जे पाहिले आणि नंतर शाळेत जो प्रयोग केला, त्याची माहिती मी इथे देत आहे.

माती कशी तयार होते?

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या बऱ्याच भागात खाली काळा खडक आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हा बाहेर आला. तो थंड झाला आणि त्याचा हा खडक बनला. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांच्यामुळे खडक फुटतो. त्याचा आधी मुरूम होतो आणि मग माती होते. अडीच सेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. वाहून जायला मात्र थोडे पावसाळे पुरतात.

मातीचे थर

जंगलातल्या नाल्याची दरड उभी तुटलेली होती. तिच्यात मातीचे थर दिसत होते. वरून खाली ते असे :

१) पालापाचोळा. साग, ऐन, धावडा, पळस, मोह यांची पाने.
२) काळपट भुसभुशीत माती. हिला चांगला वास येतो.
३) तांबूस माती. हिच्यात मुळं पसरलेली असतात.
४) मुरूम.
५) काळा खडक.

गुरुजींनी काडीने पाचोळा उकरून दाखवला. वरची पानं अख्खी होती. त्याखालच्या पानांची नुसती जाळी उरली होती. आणखी खाली पान कोणतं अन् माती कोणती हे ओळखूच येत नव्हतं. तिथे वाळवी होती, गांडुळं होती आणि सुतासारखे पांढरे धागे होते. ते धागे म्हणजे बुरशी. हे सगळे मिळून पानांचं खत करतात. डोळ्यांना न दिसणारे जीव तर एक चमचा मातीत कोट्यवधी असतात. जंगलाला कोणी गाडीभर शेणखत टाकत नाही, तरी झाडं वाढतात, ती या मजुरांमुळे.

हिमालयासारख्या थंड प्रदेशात देवदार आणि चीड यांची जंगले आहेत. तिथे थंडीमुळे पाला फार हळू कुजतो, म्हणून जमिनीवर त्याचा जाड थर साचून राहतो. आपल्याकडे ऊन आणि पाऊस दोन्ही भरपूर, म्हणून पाला लवकर कुजतो. आपल्या जंगलात साठा थोडा असतो. म्हणून दरवर्षी पडणारा नवा पाला आपल्या मातीला हवाच असतो.

आमचा प्रयोग

साहित्य : पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या, माती, पाचोळा, दोन पेले, पाणी.

कृती : दोन्ही बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापली. दोन्हीत सारखीच माती भरली. एकीत मातीवर पाचोळा अंथरला, दुसरीत माती उघडी ठेवली. बाटल्यांची तोंडे थोडी खाली केली आणि त्यांच्याखाली पेले ठेवले. मग झारीने दोन्हींवर सारखे पाणी टाकले.

काय झाले : उघड्या मातीवरचे पाणी लगेच पेल्यात आले. ते चहासारखे गढूळ होते. पाचोळ्याच्या बाटलीतून पाणी उशिरा आले, कमी आले आणि बरेच स्वच्छ होते.

अनुमान : पाचोळा मातीला धरून ठेवतो आणि पाणी जमिनीत मुरवतो.

जंगलाच्या मातीची कामे

मुरलेले पाणी हळूहळू झिरपून नाल्यांना आणि गावच्या विहिरींना येते. माती वाहून गेली नाही तर तलावात गाळही कमी साचतो. झाडे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. पाला कुजला की त्यातला थोडा कार्बन मातीत राहतो. जगातल्या सगळ्या मातीत मिळून हवेपेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. म्हणजे माती हे एक मोठे कोठारच आहे. आपल्या जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे. तिथला वाघ हरीण खातो, हरीण गवत खाते, गवत मातीतून येते. म्हणजे वाघसुद्धा मातीवरच जगतो!

आग लागली की काय होते?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. ती दिसावी म्हणून काही लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात. कधी कधी ती आग पसरते आणि वणवा लागतो. आमच्या घरीही मोहफुलं वेचतात. मी आबाजींना विचारलं, तर ते म्हणाले, "पाचोळा जाळला नाही तं फुलं दिसतील कशी, बाई?" त्यांचं म्हणणंही खरं आहे. मोहफुलांवर पुष्कळ घरांची मीठमिरची चालते.

पण आगीत पाला जातो आणि वरचे जीवही मरतात. राख राहते, पण बरीचशी राख पहिल्या पावसात वाहून जाते. सागाखाली तर जास्त नुकसान होते. सागाचं पान मोठं असतं. त्यावर पाणी साचून मोठा थेंब पडतो. खाली पाचोळा असला तर तो मार पाचोळा सोसतो. पाचोळा नसला तर थेंब मातीला खड्डा पाडतो आणि माती वाहू लागते.

आपण काय करावे?

१) मोहाखालचा पाचोळा न जाळता खराट्याने बाजूला सारावा.
२) झाडाखाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरावी. फुलंही स्वच्छ मिळतात. हे ऐकून आबाजी म्हणाले, "औंदा एका झाडाखाली करून पाहू."
३) जंगलात विडी, काडी टाकू नये.
४) वावरातला काडीकचरा न पेटवता त्याचं खत करावं.

५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन असतो. मृदा म्हणजे माती. पण मोहफुलं त्या दिवशी पडत नाहीत, उन्हाळ्यात पडतात. म्हणून पालकांनी हा लेख उन्हाळ्याच्या आधी वाचावा, अशी माझी विनंती आहे.

सांगा पाहू!
१) मुरमाच्या खाली काय असते?
२) पाचोळ्याच्या बाटलीतले पाणी स्वच्छ का आले?
३) तुमच्या घरी मोहफुलं वेचताना पाचोळ्याचं काय करतात?

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ११