वेस्टर्न ब्लॉट : पार्श्वभूमीचा काळिमा

‘वेस्टर्न ब्लॉट’ हे नाव आपणा बहुतेक डॉक्टरांना एचआयव्हीच्या निदानामुळे परिचित झाले. एलायझा पॉझिटिव्ह आली की पुष्टीसाठी ही चाचणी सांगितली जात असे. विषाणूची प्रथिने रेणुभारानुसार विलग करून नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर उतरविलेली असत. रुग्णाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे त्यांना चिकटली की त्या त्या जागी रेघ उमटे. पण सारी पट्टीच धुरकटली असेल तर? फिकट रेघ खरी की भास, या प्रश्नाशी एखाद्या कुटुंबाची झोप बांधलेली असे. अमेरिकेच्या सीडीसीने २०१४ साली आपल्या शिफारशींतून ही चाचणी वगळली. प्रथिनांच्या संशोधनात मात्र हे तंत्र आजही नित्याचे आहे आणि धुरकटपणाचा प्रश्नही तसाच आहे.

त्याचे मूळ कारण साधे आहे. जो पडदा प्रथिन धरून ठेवतो, तो कोणतेही प्रथिन धरतो. आणि प्रतिपिंड हेही प्रथिनच! म्हणून पडद्यावरील रिकाम्या जागा आधीच दुसऱ्या निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकाव्या लागतात. त्यासाठी स्निग्धांशरहित दुधाच्या भुकटीचे ५ टक्के द्रावण सर्रास वापरतात. स्वस्त आणि बहुधा पुरेसे. परंतु दुधातील केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त असल्याने, फॉस्फेट जोडलेले प्रथिन शोधताना प्रतिपिंड केसीनलाही चिकटू शकते. दुधात बायोटिनही असते. शोधपद्धती बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनची असल्यास तेही गोंधळ घालते. अशा वेळी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन बरे.

नवशिक्यांची नेहमीची चूक वेगळीच असते. रेघ फिकट आली की ते प्रतिपिंडाची मात्रा वाढवितात आणि रेघेबरोबर पार्श्वभूमीही काळवंडते. उलट, प्रतिपिंड टप्प्याटप्प्याने विरल करून पाहावे. ०.१ टक्का ट्वीन-२० घातलेल्या द्रावणाने पडदा हलवत, दर वेळी द्रावण बदलून, पाच-दहा मिनिटे असे निदान तीनदा धुवावे. मध्येच पडदा सुकला तर डाग पडतात, ते मग धुण्याने जात नाहीत.

इतके करूनही काळिमा राहिला, तर एका पट्टीवर पहिले प्रतिपिंड न घालता केवळ विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालावे. तीही रंगली, तर पहिल्यावर आळ घेण्याचे कारण नाही. दोष दुसऱ्यात किंवा रिकाम्या जागा नीट न भरण्यात शोधावा. ही रिकामी पट्टी वेळ वाचविण्यासाठी वगळली जाते आणि पुढे संगणकावर चित्र उजळ करून पार्श्वभूमी पुसली जाते. तो मार्ग माझ्या मते गैर आहे. अनेक नियतकालिके आता मूळ, न कापलेले छायाचित्र मागतात, ते उगीच नव्हे.