शंभरचं टाका

१. गिऱ्हाईक पेट्रोल लिटरने घेत नाही, रुपयांनी घेतं. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पंपावर उभं राहून मला हे कळलं. भाव सत्तरीत होता तेव्हा दुचाकीवाला म्हणायचा, "शंभरचं टाका." २०२१च्या उन्हाळ्यात भावाने शंभरी ओलांडली, तरी तो तेच म्हणत राहिला. फक्त परत लवकर येऊ लागला. पावतीवर लिटर, दर आणि रक्कम छापलेली असते. त्यात कर किती, ते नसतं. जो कर दिसतच नाही, तो माणसाला बचत कशी शिकवणार?

२. तरीही इंधनावर कर हवा, आणि तो घसघशीत हवा, असं माझं मत आहे. आम्हाला कमिशन लिटरवर मिळतं, म्हणजे हे बोलणं माझ्याच पोटावर येतं. पण रोज सकाळी आम्ही जारमध्ये हायड्रोमीटर सोडून पेट्रोलची घनता बघतो, रजिस्टरला लिहितो. एका लिटरचं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं. तेच लिटर जळलं की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण त्यातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो. हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसेना. कागदावर हिशेब मांडला तेव्हा पटलं. शिवाय पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं, कर्करोगाला कारण ठरणारं. टाकीचं झाकण उघडलं की ती वाफ सगळ्यात आधी नोझल धरणाऱ्या पोराच्या नाकात जाते. आमच्याकडची पोरं विशी-बाविशीतली आहेत. त्यांनी घेतलेल्या त्या श्वासांची किंमत लिटरच्या भावात धरलेली नाही. दुसऱ्याच्या माथी पडणारा असा खर्च कर लावून वसूल करावा, हे इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२०मध्येच मांडलं होतं.

३. कराला कारण सांगावं लागतं. मे २०२०मध्ये, लॉकडाउनमध्ये, जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं. केंद्राने एका रात्रीत उत्पादन शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं. पंपावरचा भाव जागचा हलला नाही. कर वाढवायला ती वेळ चांगलीच होती. तेल कमी जाळा, या पैशातून तुमच्या तालुक्याला बस देतो, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं, असं मला आजही वाटतं.

४. महागाईने आपोआप बचत होत असती, तर परभणी सगळ्यात काटकसरी जिल्हा ठरला असता. आमच्याकडे टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून येतो. ते भाडं भावात चढतं, म्हणून राज्यातलं महाग पेट्रोल म्हटलं की परभणीचं नाव निघतं. तरी दुचाक्या कमी झाल्या नाहीत. खेड्यावर जाणारी नर्स, शाळेवर जाणारे गुरुजी, दूध घालायला येणारा पोरगा यांना दुसरं साधन नाही. मुंबईत लोकल आहे, बेस्ट आहे, मेट्रो आहे. मुंबई-ठाणे पट्ट्यात पेट्रोलवरचा व्हॅट उर्वरित राज्यापेक्षा एक टक्का जास्त होता. जुलै २०२४पासून तो २६वरून २५ टक्क्यांवर आणला. जिथे गाडी घरी ठेवून जाणं शक्य आहे, नेमका तिथला कर उतरवला, हे मला पटलेलं नाही.

५. भावाचा परिणाम होतो, पण तो गाडी घेताना. डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं तेव्हा ज्याला त्याला डिझेलची गाडी हवी असायची. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर खुले झाले, दोन्ही भाव जवळ आले, आणि लोक हळूहळू पेट्रोल-सीएनजीकडे वळले.

६. पंपावरची गर्दी बघून सरकारची एक योजना मला नीट कळली. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतर बायकोला मागे बसवून तालुक्याला येणारे काही ओळखीचे चेहरे बाजाराच्या दिवशी दिसेनासे झाले. विचारलं तर म्हणाले, "ती एसटीने जाते आता." भाव शंभरावर गेल्याने जे झालं नव्हतं, ते त्या अर्ध्या तिकिटाने केलं. पण ज्या गावाला गाडीच जात नाही, तिथल्या बाईला सवलतीचा उपयोग काय? इंधनाच्या करातला ठरावीक वाटा या गावांच्या फेऱ्यांसाठी काढून ठेवावा आणि तो आकडा आमच्या पावतीवर छापावा. छपाईची यंत्रं आमच्याकडे आहेतच.